नाताळ आणि तारणाचा हिशेब

‘तारण’ हा शब्द मराठी माणसाला दोन ठिकाणी भेटतो. एक बँकेत किंवा पतपेढीत. तेथे सोने, घर किंवा शेत गहाण ठेवण्याच्या संदर्भात तो येतो, आणि तारण नसेल तर सहसा कर्जही नाही, असा तेथील व्यवहार असतो. दुसरे ठिकाण म्हणजे ख्रिस्ती मंदिर. तेथे हाच शब्द उद्धार या अर्थाने वापरला जातो आणि येशू ख्रिस्ताला ‘तारणारा’ असे संबोधले जाते. शब्द एकच, परंतु दोन्ही ठिकाणचे नियम मात्र नेमके परस्परविरुद्ध आहेत. बँक विचारते, तुमच्यापाशी ठेवण्यासारखे काय आहे? नाताळची कथा सांगते की, ज्यांच्यापाशी ठेवण्यासारखे काहीच नव्हते त्यांच्या दारी देव आपण होऊन आला. या सणाचा ख्रिस्ती अर्थ जाणून घ्यायचा असेल तर आरंभ या विरोधापासूनच करावा लागतो.

बाह्य गोष्टींचा विचार थोडक्यात आटोपता येईल. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. जन्माचा दिवस एवढाच त्याचा अर्थ. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती वस्त्यांतून मुले गवत, माती आणि बांबू जमवून गोठे उभारतात, दारावर चांदण्या टांगल्या जातात, शेजाऱ्यांकडे गोडाधोडाची ताटे जातात. गोठ्याचा देखावा करण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या खेड्यात केलेल्या देखाव्यापासून लोकप्रिय झाली. तारखेचे म्हणाल, तर शुभवर्तमानांत ती कोठेच दिलेली नाही. रोममध्ये २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्माचा दिवस मानला जात असल्याची सर्वांत जुनी नोंद इ. स. ३५४ मधील एका पंचांगात सापडते. हेरोद राजा इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला असे बहुतेक इतिहासकार मानतात आणि येशूचा जन्म तर त्याच्या हयातीत झाला. तेव्हा ख्रिस्ताचा जन्म ‘ख्रिस्तपूर्व’ काळात झाला, अशी एक गमतीदार परिस्थिती कालगणनेतील चुकीमुळे उद्भवली आहे. जिज्ञासूंना या गोष्टी रंजक वाटतील. नाताळचे मर्म मात्र त्यांत नाही.

ते कथेत आहे, आणि कथा मुळातून वाचली पाहिजे. चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच ती सांगितली आहे. मार्क येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रसंगापासून प्रारंभ करतो, तर योहान एकदम सृष्टीच्या आदिकाळी जाऊन पोहोचतो. आपण नाताळच्या देखाव्यात जे पाहतो त्यातले बरेचसे या दोघांनी लिहिलेले नाही. तेथे बैल नाही, गाढव नाही. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची संख्या तीन होती असेही मत्तय म्हणत नाही, आणि ते राजे होते असे तर मुळीच नाही. गरोदर मरियेला दारातून परत पाठविणारा निष्ठुर सरायवाला हा नाटकांतून प्रसिद्ध झालेला खलनायकही लूकच्या कथेत नाही. लूकने योजलेला ग्रीक शब्द सरायीपेक्षा घरातील पाहुण्यांच्या खोलीला अधिक लागू पडतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तात सरायीसाठी लूकनेच वेगळा शब्द वापरला आहे. पॅलेस्टाईनमधील साध्या घरांतून माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली असत. पाहुण्यांच्या खोलीत जागा उरली नव्हती, म्हणून बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवले. ज्यांनी आपल्या खेड्यांतील घराला लागून असलेला गोठा पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग परका वाटू नये. त्यात निष्ठुरपणापेक्षा सामान्यपणा अधिक आहे, आणि या लेखकाच्या मते तोच अधिक अर्थपूर्ण आहे. सम्राट ऑगस्टसच्या हुकमाने नावनिशी होत होती. त्या सरकारी कामासाठी गावी आलेल्या एका सुताराच्या घरात हे मूल जन्माला आले. बातमी प्रथम मिळाली ती रात्रपाळीवर असलेल्या मेंढपाळांना.

मत्तयाच्या ग्रंथाचा आरंभ वंशावळीने होतो आणि वाचक बहुधा ती ओलांडून पुढे जातो. तसे करू नये. त्या पुरुषांच्या नामावळीत मरियेपूर्वी चार स्त्रिया येतात. तामार ही सासऱ्यापासून पुत्रवती झालेली. राहाब ही यरीहो नगरातील वेश्या. रूथ ही परकी, मवाबी. चौथीचे तर नावही न घेता मत्तय तिला ‘उरियाची स्त्री’ म्हणतो; म्हणजे दावीद राजाने जिच्यासाठी तिच्या नवऱ्याचा काटा काढला तिचा उल्लेख तो अशा रीतीने करतो, की राजाचा गुन्हा वाचकाच्या ध्यानातून जाऊ नये. कोणत्याही घराण्याची बखर लिहिणारा अशा गोष्टी झाकून ठेवतो. मत्तयाने त्या पहिल्याच पानावर मांडल्या. आपला नायक कुलशीलाची निर्मळ शिडी चढून आलेला नाही, हे त्याला सांगावयाचे असावे. पुढे स्वप्नात योसेफाला मुलाचे नाव सांगितले जाते, येशू. मूळ हिब्रू नावाचा अर्थ परमेश्वर तारतो असा आहे, आणि तो लोकांना त्यांच्या पापांपासून तारील, असे त्याचे स्पष्टीकरणही तेथेच दिले आहे. रोमन सत्तेपासून किंवा दारिद्र्यापासून तारील असे म्हटले नाही, हे तत्कालीन ज्यूंना निराशाजनक वाटले असेल. आजच्या वाचकालाही वाटेल.

मग हे ‘पापांपासून तारण’ म्हणजे नेमके काय? ख्रिस्ती धर्मशास्त्राचे म्हणणे असे की, मनुष्य आणि देव यांच्यातील दुरावा मनुष्याच्या बाजूने भरून निघण्याजोगा नाही. अनेक धर्मपरंपरांत साधक पायरीपायरीने वर चढतो. येथे देव खाली उतरतो, आणि देवपणाचे सर्व मानपान बाजूला ठेवून दासाच्या रूपात उतरतो, असे पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिले. याला देहधारण म्हणतात. आपल्या अवतारकल्पनेशी त्याचे साम्य आहे, पण अवतार युगायुगांतून पुन्हा पुन्हा होतो, सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुर्जनांच्या नाशासाठी होतो. ख्रिस्ती देहधारण एकदाच घडते, आणि ते दुर्जनांच्या नाशासाठी नसून त्यांच्याचसाठी आहे. वैद्याची गरज निरोग्यांना नसते, रोग्यांना असते, या आशयाचे येशूचे उत्तर प्रसिद्ध आहे. चौथ्या शतकातील अथानासियस याने दिलेला दाखला मार्मिक आहे. एखाद्या नगरीतील एकाच घरात राजा राहावयास आला तरी सबंध नगरीला प्रतिष्ठा लाभते आणि चोरदरोडेखोर तिच्या वाटेला जात नाहीत. त्याप्रमाणे देवाने एक मानवी देह धारण केल्याने सबंध मानवजातीची प्रत बदलली, असे तो म्हणतो.

या न मागता मिळालेल्या देणगीला पौलाने जे नाव दिले त्याचे मराठी भाषांतर ‘कृपा’ असे झाले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना या कल्पनेचा इंग्रजी शब्द बायबलाआधी परीक्षेमुळे ठाऊक होतो. ग्रेसचे गुण! परंतु ही तुलना मुळातच फसवी आहे. ग्रेसचे गुण उत्तीर्णतेच्या उंबरठ्यावर अडखळलेल्याला मिळतात. दोन-चार गुण कमी पडले तर मंडळ उदार होते. ज्याला शंभरांपैकी सातच मिळाले त्याच्यासाठी ती सवलत नसते. म्हणजे तेथेही अगोदर बरीच कमाई करावी लागते. पौलाची कृपा कमी पडलेल्या गुणांची अशी भर नव्हे. त्याचा स्वतःचा अनुभव पाहावा. ज्या दिवशी दिमिष्काच्या रस्त्यावर त्याचे आयुष्य पालटले, त्या दिवशी तो पुण्याच्या जवळपासही नव्हता. येशूच्या अनुयायांना बांधून आणण्याच्या मोहिमेवर निघाला होता. म्हणूनच तारण हे कृपेने व विश्वासाने आहे, कर्मांनी नाही, नाहीतर माणूस बढाई मारील, हा विचार त्याच्या पत्रांतून पुन्हा पुन्हा येतो. सत्कर्मे त्यानंतर येतात, मूल्य म्हणून नव्हे तर परिणाम म्हणून.

प्रामाणिक माणसाला हा विचार अन्यायाचा वाटतो, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. येशूने सांगितलेली द्राक्षमळ्यातील मजुरांची गोष्ट एखाद्या कचेरीत वाचून दाखवावी. पहाटेपासून राबलेल्यांना आणि दिवस मावळण्यापूर्वी तासभर आलेल्यांना मालक सारखाच रोज देतो! कोणतीही कामगार संघटना हे मान्य करणार नाही, आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत वीस वर्षे वाट पाहिलेल्या लिपिकाला तर ही गोष्ट आपल्यावरच रचली आहे असे वाटेल. पाचव्या शतकाच्या प्रारंभी पेलागियस नावाच्या ब्रिटनमधून आलेल्या तपस्व्याने नेमकी हीच तक्रार मांडली. सगळे काही कृपेवर सोपवले तर माणसे प्रयत्न सोडतील. देवाने आज्ञा दिल्या त्या अर्थी त्या पाळण्याची शक्तीही दिली असली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. वर्गात उभ्या असलेल्या कोणत्याही शिक्षकाला पेलागियस जवळचा वाटेल. ऑगस्टीनने त्याला उत्तर दिले की, रोग हातापायांना नसून इच्छेलाच झाला आहे. चांगले व्हावे असे मनापासून वाटणे हेसुद्धा आजाऱ्याच्या हाती उरलेले नाही. कार्थेज येथील धर्मपरिषदेने ४१८ साली पेलागियसच्या मताचा निषेध केला. वाद तेथे संपला नाही. १५१७ साली मार्टिन लूथरने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध जे आव्हान दिले त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता, आणि त्यावरून पश्चिमेकडील चर्च दुभंगले. कॅथलिक चर्च आणि लूथरन मंडळींचा जागतिक संघ यांनी या प्रश्नावरील संयुक्त घोषणापत्रावर जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे स्वाक्षऱ्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी. ज्या कृपेला काही किंमत पडत नाही, तिचा अर्थ लावण्यात जवळजवळ पाच शतके गेली.

कृपेची कल्पना आपल्या भूमीला अपरिचित नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत या विषयावर दोन पक्ष पडले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्त कोणासारखा? पौल आणि ऑगस्टीन हे निःसंशय मांजरीच्या पक्षाचे. वारकरी संतांच्या वाणीत तर देवाच्या दारी रिकाम्या हाताने उभे राहण्याची भावना ओसंडून वाहते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत असत, ते याच कारणाने. भेद आहे तो एवढाच की, ख्रिस्ती माणूस आपली कृपेची कल्पना एका विशिष्ट घटनेला खिळवून ठेवतो. ऑगस्टसचा काळ, यहूदियातले बेथलेहेम, गव्हाण. तेथे काही घडले नसेल तर या विचाराला त्याच्या दृष्टीने आधार उरत नाही.

पुण्याचा जमाखर्च मांडण्याची सवय मनुष्याच्या मनातून किती अवघडपणे सुटते, याचा मराठी भाषकांना सर्वांत जवळचा दाखला पंडिता रमाबाईंचा आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रांत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि अत्यंत धर्मनिष्ठ. होते नव्हते ते द्रव्य त्यांनी दानधर्म आणि व्रतानुष्ठाने यांत वेचले. पुढे दुष्काळ आला. वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेली दोन भावंडे अन्नावाचून, अनवाणी, हजारो मैल हिंडत राहिली आणि तरीही नेमधर्म पाळत राहिली. ज्याने सर्व काही शास्त्राप्रमाणे केले, त्याचे खाते असे रिते का राहिले, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात रुतून बसला असल्यास नवल नाही.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वी त्यांनी तेथील धर्मभगिनींनी चालविलेले एक गृह पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते. असे का करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. या घटनेचा आपल्यावर फार परिणाम झाला, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. येथपर्यंतचा वृत्तान्त अनेकांना ठाऊक असतो. त्यापुढचा अधिक विलक्षण आहे. बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षे त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. आपण धर्म बदलला, धर्मग्रंथ वाचला, उपासना केली, तरी ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता, अशी कबुली त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात दिली आहे. याचा अर्थ असा की, जुने खाते बंद झाले पण नव्या धर्मात त्यांनी नवे खाते उघडले होते. देवाला पटावे असे पुरेसे काही आपल्यापाशी आहे की नाही, याची चिंता कायमच होती. तारण हे कमवावयाचे नसून घ्यावयाचे आहे, हे १८९१च्या सुमारास त्यांना उमगले. धर्मांतरावर आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा संख्येच्या भाषेत. एक बुद्धिमान स्त्री धर्मांतरानंतरही आठ वर्षे दाराबाहेरच उभी होती, आणि हे तिने स्वतःच सांगितले, याकडे ना टीकाकारांचे लक्ष जाते ना अभिमान्यांचे.

यानंतर त्यांच्या हातून जे घडले ते पाहण्यासारखे आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने अर्धमेल्या झालेल्या मुलींना व विधवांना त्यांनी केडगावला आणले. तेथील मुक्ती मिशन आजही उभे आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते पंडितांसाठी नव्हे, तर अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून. १९२२ साली त्या वारल्या तेव्हा हे काम हातावेगळे झाले होते. कृपेने आळस येतो, या पेलागियसच्या आक्षेपाला याहून निराळे उत्तर देण्याची आवश्यकता वाटत नाही.

तरीही त्या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. कृपेचा दुरुपयोग होतो आणि तो चर्चमध्येच सर्वाधिक होतो. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिच बॉनहॉफर यांनी १९३७ साली त्याला ‘स्वस्त कृपा’ असे नाव दिले: पश्चात्तापावाचून क्षमा, अनुसरणावाचून समाधान. त्या वेळी जर्मनीतील पुष्कळ ख्रिस्ती माणसे दर रविवारी क्षमेची घोषणा ऐकत होती आणि शेजारच्या ज्यूंवरील अत्याचार निमूटपणे पाहत होती. आपल्याकडील चर्चलाही हा आरसा दाखविता येईल. ज्याच्यापुढे सर्व समान रिकाम्या हातांचे, त्याच्या मंदिरात जातीची उतरंड शिरली. गोव्यातील धर्मसंघांचा इतिहास त्याला साक्ष आहे. दुष्काळात दिलेल्या भाकरीबरोबर जेथे जेथे बाप्तिस्म्याची अपेक्षा जोडली गेली असेल, तेथे तेथे मिशनऱ्याने स्वतःच्याच सिद्धान्ताला हरताळ फासला, असे म्हटले पाहिजे. अटीवर दिलेली कृपा म्हणजे पुन्हा तारण ठेवून दिलेले कर्जच. बॉनहॉफर यांनी स्वतः हिटलरच्या राजवटीशी झुंज दिली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. बर्लिनच्या तुरुंगात नाताळची वाट पाहत असताना त्यांनी एका पत्रात लिहिले की, हा काळ समजून घेण्यासाठी कोठडीइतके चांगले ठिकाण नाही, कारण तिचे दार फक्त बाहेरूनच उघडता येते.

ही उपमा बंदिवानाला लगेच पटते. अडचण होते ती आपण कोठडीत आहोत असे ज्याला वाटतच नाही त्याची. आणि वेळेवर कचेरीत जाणारे, वह्या तपासणारे, हप्ते भरणारे, कोणाचे वाईट न करणारे आपण बहुतेक जण त्याच वर्गातले. येशूच्या प्रसिद्ध दृष्टान्तात घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो, हे सर्वांच्या लक्षात राहते. थोरला मात्र त्या वेळी शेतात होता. घराजवळ येताच त्याने वाद्यांचा आवाज ऐकला, चौकशी केली आणि तो अंगणाबाहेर थांबला. इतकी वर्षे मी तुमचे काम केले, कधी आज्ञा मोडली नाही, मला कधी एक करडूही मिळाले नाही, असे तो म्हणाला. त्याचा हिशेब बिनचूक होता. बापाने त्याचा एकही आकडा खोडला नाही. जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे, एवढेच सांगून तो त्याला आत बोलावीत राहिला. थोरला मुलगा आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.